वारसनोंद आणि फेरफार

(सीताबर्डी, नागपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते, आणि त्यांच्या अनेक सवयींपैकी जी एक माझ्या अंगवळणी पडली तिच्या बळावरच आज मी आपल्यासमोर उभा आहे. पाठ्यपुस्तकातले उदाहरण इंग्लंडातील पतंगाचे असो वा गालापागोस बेटांवरील पाखरांचे असो, ते सांगून झाले म्हणजे गुरुजी खिडकीकडे बोट करीत आणि विचारीत, की याचा दाखला इथे, वीस कोसांच्या आत, कुठे मिळेल? उत्तर मिळेपर्यंत ते फळा पुसू देत नसत. आजचा विषय, म्हणजे आनुवंशिकी आणि उत्क्रांती यांचा परस्परसंबंध, मी त्यांच्याच रीतीने मांडणार आहे. कारण या संबंधाचे दोन अत्यंत मोलाचे दाखले याच विदर्भाच्या मातीत आहेत, एक माणसाच्या रक्तात आणि दुसरा कपाशीच्या बोंडात, आणि तरीही आमचे पदवीधर ते न पाहताच परीक्षा उत्तीर्ण होतात याचे मला मनापासून दुःख आहे.

या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर सीताबर्डीची टेकडी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई तिथे झाली म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती ठाऊक असते. परंतु तिचा काळा कातळ हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा आहे, आणि नागपूरच्याच टाकळी भागात, एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंतच्या काळात साचलेल्या गाळात, गोड्या पाण्यातील शंख आणि झाडांची फळे-बिया दगड होऊन राहिल्या आहेत. १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी हे अवशेष गोळा केले आणि १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञानविषयक नियतकालिकात नागपूर परिसराच्या खडकांवर सविस्तर लेख लिहिला. पुढे सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाटकडील दौऱ्यात बोरीजवळच्या पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. डार्विनचा ग्रंथ त्या वेळी चारच वर्षांचा होता, आणि ब्र्यून येथील मठात ग्रेगोर मेंडेल वाटाण्याच्या झाडांची मोजणी संपवीत होते. त्यांनी आपले निष्कर्ष १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत तिथल्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले आणि १८६६ मध्ये छापले. टाकळीचे दगड एवढेच सांगत होते की पूर्वीचे जीव आजच्यासारखे नव्हते. तो फरक एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा उतरला, साठला आणि स्थिर झाला, हे सांगण्याचे सामर्थ्य दगडात नसते; त्यासाठी वाटाणा लागतो.

डार्विनची अडचण नेमकी इथेच होती. त्याच्या काळी सर्वसाधारण समजूत अशी, की आईबापांचे गुण अपत्यात एकमेकांत विरघळून एकजीव होतात. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन नावाच्या अभियंत्याने दाखवून दिले की ही समजूत खरी असेल तर नैसर्गिक निवडीचा सगळा कारभारच बंद पडतो. कारण लाखांत एखाद्या प्राण्याच्या अंगी आलेला उपयुक्त गुण त्याच्या मुलांत निम्मा, नातवंडांत चौथाई, पणतवंडांत आठवा हिस्सा असा होत काही पिढ्यांतच नामशेष होईल. हा आक्षेप डार्विनला जिव्हारी लागला, आणि त्याचे उत्तर वर्षभर आधीच ब्र्यूनच्या एका अंकात छापून पडले असूनही ते त्याच्या हाती कधी लागले नाही.

ते उत्तर मराठी माणसाला समजावून सांगणे फार सोपे आहे, कारण आपल्या भाषेने त्यासाठी एक शब्द आधीच घडवून ठेवला आहे. आपण 'निवड' म्हणतो, आणि आपल्या घरात 'तांदूळ निवडणे' असेही म्हणतो. दुपारच्या वेळी ओसरीवर बसून सूप मांडीवर घेतलेली आजी आठवा. तांदळात खडे मिसळलेले असोत, तीळ सांडलेले असोत, कितीही वेळा पाखडले, हलवले, ढवळले, तरी तांदळाचा दाणा तांदळाचाच राहतो आणि तिळाचा दाणा तिळाचा. म्हणूनच त्यांतून हवे ते ठेवता येते आणि नको ते बाजूला सारता येते. केशर मिसळलेल्या दुधातून केशर निवडता येत नाही. निवड व्हायची तर जे निवडायचे ते कणरूपाने वेगळे राहिले पाहिजे, आणि मेंडेलने सिद्ध केले ते हेच, की आनुवंशिक गुणांचे घटक कणरूप असतात, संकरित अपत्यात ते शेजारी शेजारी नांदतात, एक दुसऱ्याला झाकून टाकतो, परंतु झाकलेला घटक यत्किंचितही न झिजता पुढल्या पिढीत पुन्हा प्रकट होतो. डार्विनने सूप धरणारे हात दाखवले, मेंडेलने सुपातले दाणे दाखवले. आनुवंशिकीचा आणि उत्क्रांतीचा सांधा मला तरी इतरत्र कुठे दिसत नाही.

आता दुसरा शब्द, आणि तो महसुलाच्या दफ्तरातला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे, तेव्हा सातबारा आणि फेरफार हे शब्द आपण लहानपणापासून ऐकले असतील. खातेदार मयत झाला म्हणजे वारसांची नोंद तलाठी फेरफाराच्या वहीत घेतो, मंडळ अधिकारी ती तपासून मंजूर वा नामंजूर करतो, आणि मंजुरी मिळाली तरच सातबाऱ्यावर तिचा अंमल दिला जातो. या फेरफाराला इंग्रजी कागदपत्रांत 'म्युटेशन' म्हणत आले आहेत, आणि जीवशास्त्रातील उत्परिवर्तनालाही तोच शब्द आहे. शब्दांचा हा योगायोग मला वर्गात फार उपयोगी पडला. कारण नक्कल, फेरफार आणि अंमल ही तिन्ही पावले जीवसृष्टीतही आहेत: जनुकाची नक्कल पुढल्या पिढीस जाते, नक्कल उतरताना क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि ते चुकलेले अक्षर समाजाच्या एकंदर जनुकसंचयात पसरते की बुजून जाते, याचा निर्णय जन्ममृत्यूच्या हिशेबात होतो. अंतर मात्र फार मोठे आहे. तहसिलीत अर्जदार असतो, साक्षीपुरावा असतो, निकाल देणारा अधिकारी असतो. निसर्गात फेरफार कोणाच्या अर्जावरून होत नाही, त्याची गरज आहे म्हणून होत नाही, आणि मंजुरी देणारे तिथे कोणी बसलेलेही नसते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'प्राण्याने परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी आपल्यात बदल केला' असे वाक्य मी आयुष्यभर तांबड्या शाईने खोडत आलो. प्राणी बदल करीत नाही. आधीच असलेल्या नाना तऱ्हांच्या नोंदींपैकी कोणत्या पुढे किती चालतात, त्यांचे प्रमाण बदलते. आणि त्या प्रमाणाच्या बदलालाच उत्क्रांती म्हणतात.

१९०० साली द व्रीज, कोरेन्स आणि चेरमाक यांनी मेंडेलचे काम पुन्हा उजेडात आणले. १९०८ मध्ये इंग्लंडात हार्डी आणि जर्मनीत वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवले की बाहेरचे कारण नसेल तर जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. १९३० च्या सुमारास फिशर, राइट आणि हॉल्डेन या तिघांनी ती बाहेरची कारणे गणितात बसवली. आणि १९३७ मध्ये डोब्झान्स्कीच्या ग्रंथाने ते गणित फळमाश्यांच्या आणि माळरानांच्या भाषेत आणले. हा इतिहास तुमच्या पुस्तकांत आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही. थांबतो ते जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या नावापाशी, कारण १९५७ मध्ये ते इंग्लंड सोडून कायमचे भारतात आले, इथलेच नागरिक झाले, आणि १९६४ च्या डिसेंबरात भुवनेश्वरात त्यांनी देह ठेवला. भारतात येण्यापूर्वीच, १९४९ च्या आगेमागे, त्यांनी एक विचार मांडला होता, की भूमध्य समुद्राकाठी रक्ताचा एक घातक आनुवंशिक विकार इतका सर्रास आढळतो त्याअर्थी तो अर्धा वारशाने मिळालेल्यांचे हिवतापापासून रक्षण होत असले पाहिजे. हा विचार त्यांनी थॅलसेमियासंबंधी मांडला. त्याचा ठळक पुरावा मिळाला तो सिकलसेलच्या बाबतीत, आणि तेथून आपण थेट आपल्या घरी येतो.

सिकलसेल हा शब्द विदर्भात कोणाला सांगावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' हे शब्द आयाबायांच्या तोंडी रुळले आहेत. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे पहिले वर्णन छापले; भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्या पेशी सापडल्या; आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलसंबंधी आपला शोध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, तो याच नागपूरच्या कामातून. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे १९५६-५७ मध्ये इनग्राम यांनी दाखवले. आणि त्याच्या मुळाशी अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात जीएजी या तीन अक्षरांऐवजी जीटीजी, म्हणजे एकाच अक्षराचा फेरफार असतो. एका अक्षराने काय होते, ते कोणा शब्दप्रेमी माणसाला विचारण्याचे कारण नाही, सूक्ष्मदर्शकाला विचारावे.

ते मी एकदा विचारले, आणि त्याचे जे झाले ते या व्यासपीठावरून सांगणे मला आवश्यक वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना स्वतःच्या बोटातील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण मिसळायला, वर आवरणकाच ठेवून तिच्या कडा बंद करायला आणि अर्ध्या तासाने पाहायला सांगितले. प्राणवायू कमी झाला म्हणजे सिकलसेलच्या पेशी आकार बदलतात, हे दाखवायचे होते. गडचिरोलीकडून शिकायला आलेल्या एका मुलीच्या पट्टीवर, मधे दबलेल्या गोल टिकल्यांसारख्या पेशी हळूहळू लांबल्या, वाकल्या, टोकदार झाल्या. काही हुबेहूब विळ्यासारख्या, काही झाडावरून गळलेल्या वाळक्या पानांसारख्या. वर्गातील मुले तिच्या टेबलाभोवती जमली. ती बराच वेळ डोळा काचेवरून न काढता पाहत राहिली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "सर, हे मले कोनाकडून आलं?" तिच्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर मी दिले, परंतु एका तरुण मुलीच्या रक्ताची वार्ता सगळ्या वर्गासमोर उघडी पडावी अशी व्यवस्था मी आपल्या हाताने केली होती, ही माझी चूक होती, आणि त्यानंतर मी कोणत्याही विद्यार्थ्याचे स्वतःचे रक्त त्या प्रयोगासाठी घेतले नाही. ती मुलगी वाहक होती, रुग्ण नव्हती, आणि वाहक हा निरोगी माणूस असतो, हे मी त्या दिवशी तिच्या टेबलापाशी तीनदा सांगितले.

तिच्या प्रश्नाचे पुरे उत्तर मात्र आईबापांपाशी थांबत नाही. आईकडून किंवा वडिलांकडून, दोहोंपैकी एकाकडून, एक एस, म्हणजे फेरफार झालेले जनुक, आणि दुसऱ्याकडून एक ए, म्हणजे साधे. त्यांना त्यांच्या आईबापांपैकी कोणाकडून तरी. आणि असे मागे मागे जात आपण अशा काळात पोहोचतो जेव्हा या रानात दरसाल पावसाळ्यानंतर हिवताप येई आणि तान्ह्या मुलांना घेऊन जाई. एक एस असलेल्या मुलाच्या रक्तात हिवतापाचा जंतू नीट वाढत नाही, असे मूल गंभीर हिवतापातून बहुधा वाचते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील आपल्या संशोधनातून मांडले आणि पुढील अभ्यासांनी ते पक्के केले. दोन एस असलेले मूल मात्र सिकलसेलच्या वेदनांनी, पंडुरोगाने, जंतुसंसर्गाने लहानपणीच दगावे.

आता कागद-पेन्सिल घ्या, कारण यापुढचे हिशेबाने पाहिल्याशिवाय मनात ठसत नाही. एका वस्तीत १००० मुले जन्मली असे समजा. प्रत्येकाची जनुके दोन, म्हणजे एकूण २०००. त्यांत दर दहांत एक एस, म्हणजे एस २०० आणि ए १८००. विवाह जनुक पाहून होत नसतील तर एसएस मुले १०, एएस १८० आणि एए ८१० होतील. पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या की २०० एसपैकी १८० निरोगी वाहकांत आहेत, रुग्णांत फक्त २०. आता दहाही एसएस मुले वंशवृद्धीच्या आधीच गेली, तर २०० पैकी २० एस, म्हणजे दहावा हिस्सा गेला. त्याच वस्तीत हिवतापाने एए मुलांपैकी ९० गेली, तर १८०० पैकी १८० ए गेले, तोही दहावा हिस्साच. उरलेल्यांत एस १८०, ए १६२०. प्रमाण पुन्हा दहांत एक. दोन्ही बाजूंनी वसुली होते आणि बाकी जिथल्या तिथे राहते. या तराजूला शास्त्रज्ञ संतुलित बहुरूपता म्हणतात. पण त्याच्या एका पारड्यात दहा तान्ही मुले आणि दुसऱ्यात नव्वद, हे विसरून तो शब्द उच्चारू नये अशी माझी विनंती आहे.

आता हिवताप गेला असे धरा. एसएस मुले पूर्वीप्रमाणेच दगावतात, पण एए मुलांचे मरण थांबले. पहिल्या पिढीनंतर एसचे प्रमाण १९८० जनुकांत १८०, म्हणजे अकरांत एक. दुसरीनंतर बारांत एक. तिसरीनंतर तेरांत एक. हा क्रम किती संथ आहे ते पाहा: वीसांत एक व्हायला दहा पिढ्या, आणि शंभरांत एक व्हायला नव्वद पिढ्या. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर २२५० वर्षे. म्हणजे सातवाहनांच्या आरंभकाळी हिवताप नष्ट झाला असता तरी आज या वस्तीत एस सापडलाच असता. अप्रभावी जनुक वाहकांच्या आड कसे सुरक्षित राहते, आणि आनुवंशिकी न जाणणाऱ्याचा उत्क्रांतीच्या वेगाचा अंदाज किती चुकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या हिशेबाचा आजच्या धोरणाशी संबंध आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्यांना कार्ड मिळते आणि लग्नापूर्वी दोघांची कार्डे जुळवून पाहा, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला योग्य आहे आणि मी त्याचा पुरस्कर्ता आहे. परंतु त्याने नाहीसा होईल तो रोग; जनुक नव्हे. एएसने एएशी लग्न केले तर एसएस मूल जन्मत नाही, पण एस जनुक निम्म्या मुलांत जसेच्या तसे उतरते. तेव्हा सर्वांनी हा सल्ला पाळला तर एसचे प्रमाण कमी न होता जिथे आहे तिथेच थांबेल. तद्वत आतेमामे भावंडांच्या विवाहाने एसचे प्रमाण वाढत नाही, पण तो दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. प्रमाण आणि जुळणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली उत्क्रांतीची, दुसरी विवाहपद्धतीची. आणि कार्डावरचा शिक्का पाहून एखाद्या मुलीचे लग्न मोडणाऱ्या घरांना हे सांगायला हवे की ज्या जनुकाला ते कलंक म्हणतात त्यानेच बहुधा तिच्या खापरपणजोबाला तान्हेपणी वाचवले होते. गोंड, माडिया, परधान यांच्यात, तसेच गावकुसाबाहेर लोटलेल्या आपल्या बांधवांत हे जनुक अधिक आढळते, याचे कारण त्यांचे पूर्वज हिवतापाच्या रानाशी अधिक काळ झुंजले हे असावे. त्याला जातीच्या कमअस्सलपणाचा पुरावा मानणारा माणूस विज्ञानही जाणत नाही आणि इतिहासही.

या जनुकाची एक आणखी खूण आहे. गुणसूत्रावर त्याच्या आजूबाजूला जी अक्षरे असतात त्यांच्या मांडणीवरून त्याची घराणी ओळखता येतात. आफ्रिकेतील घराणी निराळी, आणि विदर्भात जे बहुतांश आढळते ते अरब-भारतीय घराणे निराळे, जे पूर्व अरबस्तानातही दिसते. फेरफार मुळात एकदा झाला की अनेकदा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु आपल्याकडच्या घराण्याबरोबर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकण्याची प्रवृत्ती येते, आणि त्यामुळे पुष्कळ रुग्णांचा आजार काहीसा सौम्य राहतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत ज्या जनुकसंपादन उपचाराला मान्यता मिळाली, तो नेमके हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा जागे करून काम करतो.

रक्ताकडून आता कापसाकडे. इथे कालावधी सहस्रकांचा नाही, जेमतेम दोन दशकांचा आहे. आणि म्हणून तुमच्यासारख्या तरुणांना हा दाखला स्वतःच्या आयुष्यात घडलेला म्हणून पाहता येतो. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली. तिच्यात एका जिवाणूचे एक विषप्रथिन घडवणारे जनुक घातलेले होते. २००६ मध्ये दोन विषांची बोलगार्ड-२ आली. आरंभी बोंडअळ्या कमी झाल्या, हे वर्धा-यवतमाळचा कोणताही शेतकरी सांगेल. परंतु २०१० मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले, पुढे दुसरे विषही निष्प्रभ होत गेले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील शेतेच्या शेते गुलाबी अळीने खाल्ली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती गोष्ट जीवशास्त्राच्या पुस्तकात येत नाही, पण ती आठवल्याशिवाय मला हा धडा शिकवता आलेला नाही.

अळी शहाणी झाली, असे लोक म्हणतात. अळी शहाणी झाली नाही. विष अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून काम करते. ज्या थोड्या अळ्यांत त्या प्रथिनाच्या जनुकात फेरफार होता त्यांच्या आतड्याला पहिले विष चिकटेना, आणि भारतातल्या अळ्यांत असे निरनिराळे फेरफार आढळले आहेत. हे फेरफार बहुधा अप्रभावी असतात, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच अळी तगते. सिकलसेलच्या हिशेबात जे पाहिले तेच इथे: जोवर असे जनुक विरळ आहे तोवर ते एकेरी प्रतीतच असते, आणि एकेरी प्रतीची अळी बीटी बोंडात मरते. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई, ते शेताच्या कडेने पेरायचे होते. त्या कडेच्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग शेतातल्या प्रतिकारक्षम पतंगांशी जुळावेत, आणि होणारी प्रजा एकेरी प्रतीची, म्हणजे मरणारी व्हावी, हा त्यामागचा हेतू. मेंडेलचा नियम शेताच्या धुऱ्यावर पेरण्याचीच ती योजना होती! परंतु शेतकऱ्याला ती समजावून कोणी सांगितली नाही. चांगल्या जमिनीत अळ्यांसाठी पीक का लावावे, हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि ते लहान पाकीट बहुतेक घरांत तसेच पडून राहिले. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात शेतकऱ्यांनी कडेची कपाशी नेमाने लावली, पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम तिला जोडली गेली, आणि २०१८ मध्ये तेथून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

हिरव्या अमेरिकन बोंडअळीचा उपद्रव मात्र आपल्याकडे तितका उलटला नाही, कारण ती तूर, हरभरा अशी अनेक पिके खाते आणि त्या शेतांत तिच्या साध्या बहिणी आपोआप जगतात. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिला आपण दुहेरी सोय करून दिली: लांब मुदतीचे वाण लावले, आणि दोन वेचण्या अधिक मिळाव्यात म्हणून फरदड ठेवून कपाशी पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी ठेवली. आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी लक्ष वेधले आहे. आपल्याकडील बीटी कपाशी संकरित आहे. तिच्या झाडात विषजनुकाची एकच प्रत असते, आणि त्या झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढली पिढी असल्यामुळे तिच्यात मेंडेलचे तीनास एक प्रमाण उतरते. म्हणजे एका विषापुरते पाहिले तर दर चार सरक्यांत एक बिनविषाची! गुलाबी अळी पाने खात नाही, सरकी खाते. एकाच बोंडात ती कधी विषारी, कधी बिनविषारी सरकी कुरतडते, तिला मिळणारी मात्रा सौम्य होते, आणि सौम्य मात्रेत एकेरी प्रतीच्या अळ्याही तगून जातात. धुऱ्यावरच्या बिगर-बीटी कपाशीने जे जनुक मारायचे, ते बोंडातल्या या मिश्रणाने जपले.

विद्यार्थी मित्रहो, हे माझ्या शब्दावर मानू नका. येत्या मार्गशीर्षात आपल्या ओळखीच्या कोणा शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या एका एकरातून आडवेतिडवे फिरत वीस हिरवी बोंडे तोडा. फुलांत पाकळ्या गुंडाळून बंद राहिलेली डोमकळी दिसली तर ती उघडून पाहा. बोंड बाहेरून निर्दोष दिसते, कारण अळी तान्ही असताना आत शिरते आणि तिचे छिद्र बुजते. म्हणून चाकूने प्रत्येक कप्पा चिरा. ओलसर पांढऱ्या कापसात, सरकीला पोखरून बसलेली, डोके तपकिरी, अंगावर गुलाबी पट्टे, जेमतेम नखाएवढी अळी सापडेल. वीसांत किती बोंडांत ती आहे ते लिहा. शेत बीटी आहे की नाही, पेरणी कोणत्या नक्षत्रात झाली, गेल्या वर्षी फरदड होती का, धुऱ्यावर बिगर-बीटी लावली होती का, हे शेतकऱ्याला विचारून त्याच पानावर लिहा. आणि पुढल्या मार्गशीर्षात तीच वही घेऊन त्याच शेतात पुन्हा जा.